गाडी विकली; पण नाव कोण उतरवणार?

ज्या समाजाचे प्रश्न आजही घर, जमीन, शिष्यवृत्ती आणि नोकरी यांभोवती फिरत आहेत, त्या समाजाच्या वृत्तपत्रात आलिशान मोटारगाडीच्या विक्रीवर लेख कशासाठी, असा प्रश्न कुणीही वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु जतमध्ये एका गाडीच्या व्यवहाराच्या निमित्ताने आम्हाला जे पाहावयास मिळाले, ते केवळ एका गाडीपुरते नाही. आपल्या नावाची किंमत, आपल्या कागदाची किंमत आणि आपल्या भोळ्या विश्वासाची किंमत असे तिन्ही प्रश्न त्या एका व्यवहारात आले. म्हणून हा लेख.

जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, कर्नाटकाला खेटून असलेला दुष्काळी तालुका. डफळ्यांचे हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थान गेले, पण पाण्याची वणवण गेली नाही. इथल्या बौद्ध वस्त्यांतली माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली, गिरणीत आणि गोदीत राबली, आणि बाबासाहेबांच्या घटनेने उघडलेल्या दारातून त्यांची पोरे शिकून कचेऱ्यांत बसली. अशांपैकीच एक गृहस्थ. वडील गावकीच्या कामात झिजले; मुलगा शासकीय सेवेत वर्ग एकच्या पदावर पोचून निवृत्त झाला आणि जत तालुक्यातल्या आपल्या गावी परतला.

सेवेत असताना त्यांनी एकच हौस केली होती. कर्ज काढून काळ्या रंगाची स्कोडा सुपर्ब घेतली. ही गाडी त्यांनी कशी सांभाळली, हे पाहण्यासारखे होते. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती तारीखवार फाईलला लावलेली. दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग दिले नाही. दहा वर्षांत बासष्ट हजार किलोमीटर, तेही बहुतेक मुंबई ते जत आणि मुंबई ते नागपूर दीक्षाभूमी. काचेच्या आत समोर बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जयभीम'. दर चौदा एप्रिलला ही गाडी गावात आली की पोरे भोवती गोळा होत. त्या पोरांना ती गाडी केवळ गाडी वाटत नव्हती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता साहेबांचे गुडघे साथ देईनात. बुटकी गाडी वस्तीच्या खडबडीत रस्त्याला खाली घासू लागली. नातीला पुढच्या शिक्षणासाठी पैसा हवा होता. म्हणून त्यांनी गाडी विकायचे ठरवले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने सांगितलेला भाव त्यांना पटला नाही, तेव्हा खाजगीत विकून दोन पैसे जास्त मिळतील असा हिशेब त्यांनी केला. हिशेब चूक नव्हता. मधला माणूस गेला की त्याचा नफाही विकणाऱ्याकडे येतो. पण मधला माणूस गेला की त्याची जबाबदारीही विकणाऱ्याकडेच येते, हे मात्र लक्षात राहत नाही.

नऊ लाख सांगितले. जतमधला एक बागायतदार पाहायला आला. त्याने बॉनेट उघडले, फाईल चाळली, गाडी फिरवून आणली, आणि साडेआठ लाखांवर येऊन थांबला. मग तो पुन्हा आत बसला, तेव्हा त्याची नजर फोटोवर गेली. खाली उतरून त्याने विचारले, "आडनाव काय म्हणाला?" आडनाव ऐकले, मागच्या काचेकडे पाहिले, आणि भाव सातवर आला. इंजिन तेच होते, टायर तेच होते. मग दीड लाख कशाचे कमी झाले? गाडी ओळखीने दाखवायला आणणारा एक माणूस संध्याकाळी साहेबांना म्हणाला, "साहेब, तेवढा फोटू काढून ठेवा की. गाडी गेली की काय लावायचं ते लावा. नावाचा कशाला बभ्रा?"

तो माणूस वाईट नव्हता. त्याला साहेबांच्या पदरात चार पैसे जास्त पडावेत असेच वाटत होते. पण हा सल्ला या मातीत सव्वाशे वर्षांपूर्वीही दिला गेला होता.

आजचा सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई. त्याही आधी सातारा हाच एक मोठा जिल्हा होता. त्या सातारा जिल्ह्यात १९०१ साली मसूर स्टेशनवर काही मुले उतरली. त्यांतला एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव होता. सोबत थोरला भाऊ आणि भाचे होते. वडील गोरेगावला तलावाच्या कामावर खजिनदार होते, त्यांना भेटायला मुले निघाली होती. अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे. पण स्टेशनमास्तरला जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला. तेही मुलांनीच गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ आली, तेव्हा त्याच गाडीवानाने मुलांना सुचवले की, आपण मुसलमान आहोत असे सांगा. मुलाने तसे सांगितलेही. पाणी मिळाले नाही ते नाहीच. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात हा प्रवास लिहून ठेवला आहे.

त्याच लेखनात दुसरी गाडी आहे, १९२९ सालची, चाळीसगावची. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. तरीही टांगेवाला त्यांना टांग्यात बसवून स्वतः हाकायला तयार झाला नाही. आपला पाहुणा पायी चालत आला तर मान जाईल, म्हणून आपल्याच माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला हाकता येत नव्हते त्याने तो हाकला. टांगा उलटला, बाबासाहेब पुलाच्या फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

म्हणून साहेबांनी फोटो काढला नाही, याबद्दल आम्ही त्यांचे अभिनंदन केले. ज्या जिल्ह्यात दुप्पट भाडे देऊनही बैलगाडीत सन्मानाने बसता आले नाही, त्या जिल्ह्यात आपल्या नावावर नोंदलेली मोटार उभी करण्यासाठी तीन पिढ्या गेल्या. ते नाव लपवून ती विकायची? दीड लाखांचा तोटा परवडला, पण तो व्यवहार नको, हा त्यांचा निर्णय बाणेदार होता.

पण खरी परीक्षा पुढेच होती. आणि त्या परीक्षेत आपली माणसे सहसा नापास होतात, हे आम्ही वकिली करताना वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

पंधरा दिवसांनी सीमेपलीकडून, अथणी भागातून, दुसरा खरेदीदार आला. त्याने आडनाव विचारले नाही. फोटोला हात जोडले. चहा घेतला, घरात बसून जेवला. भाव नऊ लाखांना फक्त दहा हजार कमी. साहेब भारावून गेले. माणूस म्हणाला, "सगळे रोख देतो साहेब. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ. नावाचं काय, सावकाश करून घेऊ की." साहेब त्याच आनंदात स्टॅम्पपेपरचा मजकूर लिहून घ्यायला आमच्याकडे आले. आम्ही तो लिहून देण्यास नकार दिला. साहेब रागावले. "वकीलसाहेब, पहिल्याने माझी जात पाहिली. याने माझ्या ताटाशेजारी ताट घेतले. आणि तुम्ही त्याच्यावर अविश्वास दाखवता?"

या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे. कारण ही भावना खोटी नाही. ज्याला जन्मभर माणसांनी दूर ठेवले, त्याला जवळ येणाऱ्या माणसाजवळ कागद मागायला संकोच वाटतो. समोरच्याने माणुसकी दाखवली आणि आपण त्याला फॉर्म दाखवायचा, हे त्याला कृतघ्नपणाचे वाटते. पण जेवणाच्या ताटाने गाडीचा मालक बदलत नाही. तो सरकारी नोंदवहीत बदलतो.

कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार ही जंगम वस्तू. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे दोघांचा करार झाला, ताबा दिला, पैसे मिळाले की विकणारा आणि घेणारा या दोघांपुरती मालकी बदलू शकते. म्हणून स्टॅम्पपेपर अगदीच निरुपयोगी नसतो. परंतु रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाच्या बाबतीत १९८८ चा मोटार वाहन कायदा लागतो. त्याच्या कलम २(३०) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. अज्ञान मालक आणि हप्त्यावर घेतलेली गाडी अशांसाठी त्यात वेगळी तरतूद आहे, पण सर्वसाधारण नियम हाच. कलम ५० म्हणते की, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आपले नाव लावून घ्यायचे. विकणाऱ्याचा फॉर्म २९, नाव बदलण्याचा फॉर्म ३०. आपल्याकडे काय होते? दोन्ही फॉर्म कोरे सही करून घेणाऱ्याच्या हाती दिले जातात आणि विकणारा निश्चिंत झोपतो. तो फॉर्म पुढे कुणाच्या खणात पडून राहतो, देव न मानणाऱ्या आम्हालाही सांगता येणार नाही.

असे कोरे फॉर्म हातोहात फिरले की काय होते, ते सर्वोच्च न्यायालयासमोरच्या एका प्रकरणात दिसते. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्याचा निकाल दिला. पंजाब-हरियाणाकडची ती गाडी मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. ती दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, तिसऱ्याकडून चौथ्याकडे गेली. नाव मात्र पहिल्याचेच राहिले. मे २००९ मध्ये अपघात झाला, एक जण मरण पावला, एक महिला जखमी झाली. गाडीचा विमा नव्हता. उच्च न्यायालयाने भरपाई शेवटच्या खरेदीदारावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली आणि ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच भरपाईस जबाबदार, असे ठरवले. गाडी विकून दोन वर्षे होत आलेली, ती कुठे आहे हे ठाऊक नाही, चालवणाऱ्याचा चेहराही पाहिलेला नाही. तरीही जबाबदारी त्याची!

हा निकाल ऐकून साहेब म्हणाले, हा अन्याय आहे. आम्ही म्हटले, थांबा. गाडीखाली कोण येते ते पाहा. जत-उमदी रस्त्याने रात्री पायी निघालेला शेतमजूर, ऊसतोडीला निघालेल्या टोळीतली बाई, सायकलवरून शाळेला जाणारा पोरगा. यांत आपलीच माणसे अधिक. न्यायालयाचे म्हणणे इतकेच की, मेलेल्या माणसाच्या विधवेने गाडी कुणाकुणाच्या हातातून गेली याचा माग काढत गावोगाव हिंडू नये. तिला एक नाव हवे, आणि ते नाव सरकारी नोंदवहीत आहे. म्हणजे हा कायदा दुबळ्याच्या बाजूचा आहे. आपण एका व्यवहारात गाडीमालक झालो म्हणून त्या विधवेच्या बाजूने उभे राहायचे सोडायचे काय? गाडी विकताना नाव बदलून देणे ही स्वतःची सुटका तर आहेच. पण आपल्याला कधीही न भेटणाऱ्या त्या माणसाच्या हक्काचे रक्षणही त्यात आहे.

सीमेवरच्या तालुक्यात हा प्रश्न अधिक अवघड होतो. जतच्या बाजारात अथणी, विजापूरकडची माणसे नेहमीची. भाषा दोन, सोयरिकी दोन्हीकडे, व्यवहार दोन्हीकडे. पण गाडी राज्य ओलांडून गेली की नुसता फॉर्म पुरत नाही. कलम ४८ प्रमाणे मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज फॉर्म २८ मध्ये. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात राहिली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, आणि कर्नाटकात आजीवन कर भरावा लागतो. आलिशान गाडीचा हा कर किरकोळ नसतो. "नावाचं सावकाश करू" या गोड वाक्यामागे पुष्कळदा हाच कर असतो. खरेदीदार लबाडच असतो असे नाही. त्याला कर लांबवायचा असतो. पण त्याचा कर जितका लांबतो, तितके दिवस आपले नाव त्याच्या चाकाखाली असते.

धोका केवळ अपघाताचा नाही. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत स्फोट झाला आणि निष्पाप माणसे मेली. ती मोटार अनेक हातांतून फिरलेली होती. तपास नंबरवरून पहिल्यांदा गेला तो नोंदणीकृत मालकाच्या दारी, ज्याने ती केव्हाच विकली होती. ज्या समाजाच्या कार्यकर्त्याला संशयाच्या पिंजऱ्यात उभे करायला निमित्त लागत नाही, त्या समाजाच्या माणसाने आपले नाव लावलेली गाडी अनोळखी रस्त्यांवर मोकाट सोडावी काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आता कबुली देतो. आम्ही स्वतः हीच चूक केली आहे. काही वर्षांपूर्वी आमची जुनी गाडी चळवळीतल्या एका ओळखीच्या माणसाला दिली. 'जयभीम' म्हणून हात मिळवला, फॉर्मवर सह्या केल्या, विषय संपला असे मानले. पुढे दीड वर्ष अतिवेगाचे आणि सिग्नल तोडल्याचे चलन आमच्या मोबाईलवर येत राहिले. ज्या शहरात आम्ही पाऊल ठेवले नव्हते, तिथेही आमची गाडी नियम मोडत होती! फोन लावला की तो उद्या करतो म्हणे. शेवटी गाडी तिसऱ्याला विकली असल्याचे कळले. दुसऱ्याला कायदा शिकवणाऱ्या वकिलाच्या घरची ही गत. तेव्हा साहेबांना आम्ही जे सांगितले, ते पुस्तकातून नव्हे. हात पोळल्यावर सांगितले.

या गोष्टीला आपल्या इतिहासाचीही एक बाजू आहे. महार वतनाच्या जमिनींचे काय झाले? या वतनाच्या गुलामीतून समाज सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीने, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा अटीवर परत देण्याची तरतूद झाली. तरीही गावोगाव त्या जमिनी साध्या कागदावर, अंगठ्यावर, उसनवारीच्या बदल्यात गेल्या. आमच्या आज्यांना सातबारा वाचता येत नव्हता; त्यामुळे आपले नाव कधी उतरले हेही त्यांना कळले नाही. तिथे नाव राहायला हवे होते, ते गेले. इथे गाडीवरून नाव जायला हवे, ते राहते. दोन्हीकडे कारण एकच: नोंदवहीत काय लिहिले आहे ते आपण जाऊन पाहिले नाही. आजोबा निरक्षर होते, त्यांना दोष देता येत नाही. वर्ग एकच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या नातवाला कोणती सबब सांगता येईल?

म्हणून जे आपले बांधव गाडी खाजगीत विकतील, मग ती आलिशान असो की साधी, त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. कर्ज फिटले असेल तरी बँकेचा बोजा आर.सी.वर तसाच असतो. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवावा. गाडी फिरवून पाहू देताना शेजारी आपण बसावे आणि चालवणाऱ्याचा परवाना पाहावा. चांगल्या सांभाळलेल्या गाडीचा खरा पुरावा म्हणजे सर्व्हिसिंगच्या पावत्या आणि दोन्ही चाव्या; त्या पुढे ठेवून भाव बोलावा आणि एखादा दोष असेल तर आपणच आधी सांगावा. पंचशील घरात म्हणायचे आणि बाजारात गाडीचा अपघात लपवायचा, हे बौद्ध म्हणवणाऱ्याला शोभत नाही.

पैसे बँकेतून घ्यावेत. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका! नऊ लाख रोख मोजून घेण्याचा आनंद नऊ लाखांच्या दंडाला आमंत्रण देऊ शकतो. उलट, डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गाड्यांवर अठरा टक्के जीएसटीचा निर्णय झाला, तेव्हा सामान्य माणसेही घाबरली. तो कर जीएसटीत नोंदलेल्या व्यावसायिकाच्या नफ्यावर आहे. स्वतःची घरगुती गाडी विकणाऱ्या खाजगी माणसाला तो लागत नाही. या भीतीने कुणी भाव पाडून मागितला तर फसू नये.

पैसे खात्यात जमा झाल्याखेरीज चावी देऊ नये. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून ताबा पावती करावी, दोघांच्या सह्या, साक्षीदार आणि ओळखपत्रांच्या प्रती घ्याव्यात. या पावतीने अपघातग्रस्ताचा दावा थांबत नाही. पण भरपाई द्यावी लागलीच तर खरेदीदाराकडून वसूल करताना ती उपयोगी पडते. फास्टॅग बंद करावा, नाहीतर टोल आपल्या खात्यातून जात राहतो. विमा कंपनीला लेखी कळवावे. कलम १५७ प्रमाणे तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो असे मानले जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. नव्या मालकाने चौदा दिवसांत अर्ज केला पाहिजे. अपघात न केल्याची जी सूट आपण वर्षानुवर्षे कमावली, ती आपली असते. तिचा दाखला घेऊन ती आपल्या पुढच्या गाडीला लावता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: कोरे फॉर्म सही करून देऊ नयेत. परिवहन कार्यालयाचा अर्ज आपण सोबत राहून करावा आणि नव्या नावाची नोंद झाल्याचे स्वतः पाहावे. व्यवहाराच्या रकमेतले काही पैसे नाव बदलेपर्यंत राखून ठेवायला खरेदीदार सांगेल, तर तेही लेखी मान्य करावे. व्यवहार त्या दिवशी संपतो. पैसे मोजल्याच्या दिवशी नव्हे.

काही जण म्हणतील, गावाकडे व्यवहार शब्दावर चालतो. चालतो काय? जतच्या जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून खिलार बैलाचा सौदा होतो. शब्दाचा तो व्यवहार साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण बैल बाजाराबाहेर न्यायचा तर तिथेही पावती लागते. बैलाला पावती लागते, आणि कुणाचा जीव घेऊ शकणाऱ्या गाडीला केवळ शब्द पुरतो?

अथणीच्या त्या गृहस्थाला साहेबांनी आमच्या आग्रहावरून सांगितले की, पैसे बँकेतून द्या, ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज आजच करू. तो हसून "कळवतो" म्हणाला आणि पुन्हा आला नाही. साहेब आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. महिन्याने मिरजेकडच्या एका शिक्षकाने गाडी घेतली. भाव साडेआठ लाख. म्हणजे चाळीस हजार कमी. पैसे बँकेतून आले, फॉर्म समोर भरले गेले, आणि नाव बदलल्याचा संदेश मोबाईलवर आला तेव्हा साहेब स्वतः आम्हाला दाखवायला आले. गाडी द्यायच्या दिवशी साहेबांच्या पत्नीने बाबासाहेबांचा फोटो उतरवला आणि पदराने पुसून घरात नेला. गिऱ्हाइकाच्या भीतीने फोटो काढणे आणि व्यवहार पुरा झाल्यावर आपला फोटो आपल्या घरी नेणे, यातला फरक त्या माऊलीला सांगावा लागला नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मिळवायला शिकवले. मिळवलेल्या हक्काचा कागद जपायलाही त्यांनीच शिकवले. आता हातातली वस्तू सोडतानाही कायद्याने सोडायला आपण शिकले पाहिजे. ज्यांच्या घरापुढे आज विकलेल्या गाडीची जागा रिकामी आहे, त्यांनी एकदा त्या गाडीचा नंबर घालून नोंद तपासावी. तिथे अजूनही आपलेच नाव असेल, तर गाडी विकली गेलेली नाही असे समजावे आणि उद्याच परिवहन कार्यालय गाठावे.

जयभीम!